पाहुण्याचं शेवटचं मिनिट

नेवाशाचे सर पाहुण्याचं बोलणं कापतात, असं मी सांगत सुटलो आणि त्यांचा कार्यक्रम बंद पडला. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे लिहिता लिहिता मी स्वतःची बाजू सावरायला लागेन. मला माझी सवय माहीत आहे.

नव्वदनंतर घरोघरी केबल येऊ लागली, त्या वर्षांतली ही गोष्ट. राहुरीत माझं खतं-औषधांचं दुकान होतं आणि वरची खोली मी केबलवाल्याला भाड्याने दिली होती. गच्चीवर त्याच्या छत्र्या, खोलीत दोन व्हीसीआर, एक पंखा आणि पायात येणाऱ्या वायरी. दुपारी तो पिक्चर लावायचा, संध्याकाळी वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि खालच्या पट्टीत गावातल्या दुकानांच्या जाहिराती. लग्नाच्या शूटिंगसाठी त्याने कॅमेरा घेतला होता. लग्नसराई संपली की तो कॅमेरा नुसता पडून असायचा.

एकदा दुकानाच्या पायरीवर बसून तो म्हणाला, “तुज्याकडं माणसं औषध घ्यायला येतात अन् तासभर बोलत बसतात. तू नुसता ऐकतो. तेच वर येऊन ऐक की. मी कॅमेरा लावतो.”

असा माझा कार्यक्रम सुरू झाला. दर शनिवारी एक माणूस. विहिरीचं पाणी बघणारा, बॅण्डमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई, कारखान्यावर वजनकाट्याला बसणारा. मी एखादा प्रश्न विचारायचो आणि गप्प बसायचो. लोकांना ते आवडू लागलं. बायको म्हणायची, “घरात विचारलं तर हं म्हणायची मारामार, अन् तिथं बघा कसे मान डोलावतात.” गप्प माणसाला लोक समजूतदार समजतात, हा माझा मोठाच फायदा झाला. प्रत्यक्षात मी गप्प असायचो तेव्हा समोरच्याच्या मनात आपल्याबद्दल काय चाललं असेल, हे ताडत असायचो. वडील गेल्यावर दुकान तरुणपणीच अंगावर पडलं. उधार मागायला आलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघून हा खरं बोलतोय की नाही हे ठरवायचं, एवढंच शिक्षण मला मिळालं होतं. ते मी सगळीकडे वापरलं.

अडचण एकच होती. केबलची वायर जिथे संपायची तिथे माझा कार्यक्रम संपायचा. गावाबाहेरच्या दोन वस्त्या, बस. नेवाशाला नेवाशाचा केबलवाला, राहात्याला राहात्याचा. प्रत्येकाचा आपापला कारभार आणि बहुतेकांकडे माझ्यासारखा एखादा बोलणारा बसवलेला. मग आमच्यात एक पद्धत पडली. आपण दुसऱ्याच्या कार्यक्रमात पाहुणा म्हणून जायचं. तास-अर्धा तास तो विचारेल ते बोलायचं आणि शेवटी यजमानाने पाहुण्याला एक मिनिट द्यायचं. त्या मिनिटात पाहुण्याने सांगायचं की माझाही कार्यक्रम आहे, असा असा असतो, बघावासा वाटला तर तुमच्या केबलवाल्याला सांगा. लोकांनी मागणी केली की तो केबलवाला कॅसेट मागवायचा. कॅसेट एसटीच्या कंडक्टरच्या हाती यायची, लावून झाली की परत जायची. ते एक मिनिट म्हणजे आमचं सगळं भांडवल. बाकीचा तास यजमानाचा असायचा.

माझी पुतणी आता मोबाईलवर पॉडकास्ट करते. ऐकणारे वाढावेत म्हणून दुसऱ्यांच्या पॉडकास्टवर पाहुणी म्हणून जाते आणि ही युक्ती तिच्या पिढीने काढली असं तिला वाटतं.

एक दिवस केबलवाल्याने मला सुनावलं, “दिवाळीपर्यंत बघू. भायेरून मागणी आली तर तुजा प्रोग्रॅम ठेवू, न्हाईतर त्या टायमाला पिक्चर. बाया डोकं खातात माजं.” दिवाळी काही लांब नव्हती. त्याच आठवड्यात मी नेवाशाच्या सरांना फोन केला.

सर तिथे शाळेत शिकवायचे. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे असतील. त्यांचा कार्यक्रम आमच्या सगळ्यांत जुना आणि चांगला होता, हे मी मनातल्या मनात मान्य केलं होतं, तोंडाने कधीच नाही. फोनवर ते म्हणाले, “अहो, या की. मीच बोलावणार होतो. जेवायलाच या.”

घोडेगावला गाडी बदलून मी फाट्यावर उतरलो. ते सायकल घेऊन उभे होते. घरी गेल्यावर भिंतीवरच्या तसबिरी पाहिल्या तेव्हा कळलं की सर बौद्ध आहेत. आधी कुणी सांगितलं नव्हतं आणि आडनावावरून मला अंदाज आला नव्हता. त्यांच्या बाईंनी वांग्याचं भरीत, भाकरी आणि ताज्या मिरचीचा ठेचा केला होता. मी दोनदा मागून घेतलं. त्यानंतर राहुरीत मी तिघाचौघांना सांगितलं, “त्यांच्याकडं जेवून आलो. आपल्याला असलं काही नसतं.” ज्याच्या मनात खरोखर काही नसतं तो असं सांगत फिरत नाही, हे मला फार उशिरा सुचलं.

मुलाखत चांगली झाली. त्यांनी मला वडिलांबद्दल विचारलं. त्याबद्दल मला तोवर कुणी विचारलं नव्हतं. मी बोललो. मग शेवटचं मिनिट आलं. कॅमेऱ्याकडे बघून मी माझ्या कार्यक्रमाबद्दल सांगितलं. घाईत बोललो, पण सांगितलं. चार दिवसांनी, रविवारी सकाळी, ते सगळं नेवाशात दिसणार होतं.

नेवाशात माझी धाकटी बहीण दिली होती. तिच्या घरी फोन नव्हता. शेजारच्या किराणा दुकानात फोन करायचा, दुकानदार तिला हाक मारायचा आणि ती धावत यायची. लग्नात आम्ही तिला रंगीत टीव्ही आंदण दिला होता. त्या वेळी आमच्या गल्लीत त्याची बरीच चर्चा झाली होती. रविवारी दुपारी मी फोन लावला.

“काय गं, बघितला का कार्यक्रम?”

“बघितला की दादा. लई भारी झाला. तुजा शर्ट झ्याक दिसत हुता.”

“शेवटी मी माझ्या कार्यक्रमाचं सांगितलंय. ते दाखवलं का?”

पलीकडे दुकानात कुणीतरी साबण मागत होतं ते ऐकू आलं.

“शेवटचं गं. अगदी शेवटचं. का कापलं त्याने?”

“...व्हय.”

“कापलं?”

“व्हय दादा, तेवढं कापलं वाटतं. न्हाई दिसलं.”

“मला वाटलंच होतं,” मी म्हणालो. हे मात्र अगदी खरं होतं. मला वाटलंच होतं. त्यांच्या घरून निघाल्यापासून, एसटीत बसल्यापासून वाटत होतं. एवढा आग्रह करून जेवायला वाढलं, फाट्यापर्यंत सोडायला आले, म्हणजे काहीतरी असणार. माझं शेवटचं मिनिट चालू असताना त्यांनी कॅमेरावाल्याकडे एकदा बघितलं होतं, तेही मला आठवलं. खूण केली असणार. कुठलाही माणूस कॅमेरावाल्याकडे बघतो. मी स्वतः दर शनिवारी बघत होतो.

वर जाऊन केबलवाल्याला सांगितलं. तो कॅसेट रिवाइंड करत होता. म्हणाला, “मी सांगणार हुतो तुला. आरं, त्या लोकांचं...” आणि वाक्य अर्धंच सोडून त्याने दुसरी कॅसेट घेतली. मी ते वाक्य पूर्ण केलं नाही आणि त्याला अडवलंही नाही. अर्ध्यावर सोडलेलं वाक्य ऐकणाऱ्याच्या मनात पूर्ण होतं. ते माझ्या मनात झालं, आणि मला त्याचं काही वाईट वाटलं नाही, हेही इथे लिहायला हवं. पाहुण्याचं बोलणं कापणारा माणूस जर आमच्यातला असता, तर मी आधी त्याला फोन करून चार शिव्या दिल्या असत्या. त्याने उलट दिल्या असत्या आणि प्रकरण मिटलं असतं. सरांना मी फोन केला नाही. कॅसेट पाठवा, बघतो, असंही म्हणालो नाही. नेवाशात माझ्या ओळखीची आणखी माणसं होती, दुकानाचे दोन व्यापारी होते. त्यांतल्या एकालाही विचारलं नाही. मला हवं होतं ते उत्तर मिळालं होतं.

पद्धतीप्रमाणे पुढच्या पंधरवड्यात सर माझ्याकडे पाहुणे म्हणून आले. फार सुंदर बोलले. लहानपणी गावच्या शाळेत व्हरांड्यात बसून शिकले ते त्यांनी कुठलाही कडवटपणा न आणता सांगितलं, आणि मला तो न आणलेला कडवटपणाही संशयास्पद वाटला. शेवटचं मिनिट द्यायची वेळ आली तेव्हा मी घड्याळाकडे बघितलं आणि म्हणालो, “वेळ संपली, सर. नमस्कार.”

ते हसले. “हरकत नाही. पुढच्या वेळी.”

जिना उतरताना मला वाटलं, हिशेब चुकता झाला. तिथे थांबलो असतो तरी चाललं असतं.

राहात्याचा कार्यक्रम करणारे एक निवृत्त गृहस्थ होते, आम्ही त्यांना काका म्हणायचो. आमच्यात त्यांच्या शब्दाला वजन होतं. ते ज्याच्याकडे जायचे त्याच्याकडे बाकीचेही जायचे. मी त्यांच्याकडे पाहुणा म्हणून गेलो तेव्हा रेकॉर्डिंगआधी चहा घेताना ते म्हणाले, “पुढच्या महिन्यात नेवाशाला चाललोय. सरांनी बोलावलंय.”

“जा की,” मी म्हणालो.

“का? असं का म्हणताय?”

“काही नाही.”

“बोला हो. आपल्यात काय?”

“माझा एकट्याचा अनुभव आहे, काका. तास छान होतो. शेवटचं मिनिट मात्र तिथे कापतात.”

काकांनी कप खाली ठेवला. “तुम्ही पाहिलंत?”

“आमच्या घरातल्या माणसाने पाहिलं.”

एवढंच. मी आवाज चढवला नाही, वाईट शब्द वापरला नाही. ‘माझा एकट्याचा अनुभव’ असं म्हटल्यामुळे उलट त्यांचा विश्वासच बसला. मी कमी बोलणारा, उगीच कुणाबद्दल बोलणार नाही, अशी माझी ख्याती होतीच. काका नेवाशाला गेले नाहीत. त्यांनी काय कारण दिलं मला माहीत नाही. पुढे आणखी दोघांनी मला आपणहून विचारलं, “खरं का हो ते नेवाशाचं?” आणि मी म्हणालो, “मला नका विचारू.” त्या उत्तराचा अर्थ काय होतो हे मला पक्कं ठाऊक होतं.

बाहेरचे पाहुणे नेवाशाला जायचे थांबले. सरांचा कार्यक्रम पाहुण्यांवर उभा होता. महिनाभर त्यांनी गावातलीच माणसं बसवली, आपल्या शाळेचे शिपाई, पोस्टमन, एकदा स्वतःच्या बाईंनाही बसवलं. मग त्यांच्या केबलवाल्यालाही पिक्चरची आठवण झाली. इकडे माझं बरं चाललं होतं. नेवाशाला जाणारे पाहुणे आता राहुरीला येत होते. मी त्यांच्याकडे जात होतो, माझ्या कॅसेटी तीन गावांना जाऊ लागल्या होत्या. दिवाळीनंतर केबलवाल्याने विषयच काढला नाही.

आणि मग सरांचा फोन आला.

“येत्या रविवारी शेवटचा कार्यक्रम करतोय. तुम्ही पाहुणे म्हणून याल का?”

“बंद का करताय?” मी विचारलं.

“पाहुणे मिळत नाहीत हो. काय झालंय कळत नाही. असो. आमच्या केबलवाल्याला मी सांगितलंय, माझ्या जागी राहुरीचा कार्यक्रम लावा. चांगला असतो. तो तयार आहे. तेव्हा तुम्हीच या, लोकांना ओळख होईल.”

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ याचा विचार केला. यात काय डाव असेल?

रविवारी सकाळी लवकर निघालो. वेळ होता म्हणून आधी बहिणीकडे गेलो, न कळवता. ती अंगणात भांडी घासत होती. मला बघून तिचा चेहरा आधी फुलला आणि मग एकदम उतरला. “आत ये” म्हणाली नाही. “इथंच बस दादा, वारं चांगलं हाय,” म्हणाली. मी पाणी प्यायला म्हणून आत गेलो. टीव्ही ठेवायला आम्ही दिलेलं टेबल होतं. त्यावर शिलाई मशीनचं डोकं, कपड्यांचं गाठोडं आणि पोरांची दप्तरं होती.

“टीव्ही कुठाय?”

“दुरुस्तीला दिलाय.”

“कधी?”

ती मागोमाग दारात आली होती. हात तसेच राखेने भरलेले.

“कधी दिलाय गं?”

“वाटण्या झाल्या तवा थोरल्या दिराकडं गेला,” ती म्हणाली. “त्यांच्याकडं पोरं मोठी हायेत म्हणून. वरीस झालं. तू आईला सांगू नको. आई येऊन भांडल, अन् मग मला इथं राहायचंय.”

“आणि माझा कार्यक्रम? तो दिरांकडे बघितला?”

“आमी तिकडं जात न्हाई दादा.”

“मग तू मला कापलं म्हणून का सांगितलंस?”

तिने वर बघितलं. त्या बघण्यात अपराध नव्हता, नवल होतं. “आरं, दुकानात एवढी माणसं हुती. त्यांच्यासमोर सांगू का घरात टीव्ही न्हाई म्हणून? अन् तूच म्हणलास ना, कापलं का. मी म्हणलं व्हय. तू म्हणशील त्याला मी व्हयच म्हणते ना.”

मी चहा न घेता निघालो. तिला वाटलं टीव्हीवरून रागावलोय. तसंच वाटू दिलं.

सरांकडे पोचलो तेव्हा कॅमेरा लावून तयार होता. त्यांचा केबलवाला म्हणाला की आज कॅसेट नाही, सरळ केबलवर सोडतोय. शेवटचा आहे म्हणून सरांची तशी इच्छा आहे. सर खुर्ची पुसत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, “आज थेट आहे. जे बोलाल ते गेलंच. कापाकापीला जागा नाही.”

या वाक्याचा मी आजवर किती तऱ्हांनी अर्थ लावला असेल, सांगता येत नाही. त्यांच्या कानावर गेलं होतं का? टोमणा होता? की पाहुण्याला धीर द्यायला कुणीही बोलेल तसं ते बोलले? त्या वेळी मी विचारू शकलो असतो. त्याऐवजी मी हसलो.

तासभर त्यांनी मला माझ्या पाहुण्यांबद्दल विचारलं. त्या दिवशी मी काय बोललो, मला आठवत नाही. त्यांचे प्रश्न आठवतात. त्यांनी माझे कार्यक्रम मागवून पाहिले होते, क्लॅरिनेटवाल्याचं एक वाक्य त्यांना पाठ होतं. मग ते कॅमेऱ्याकडे वळून म्हणाले, “आता शेवटचं मिनिट पाहुण्यांचं.” आणि खुर्ची थोडी मागे घेऊन बाजूला झाले, पडद्यावर मी एकटा दिसावा म्हणून.

त्या मिनिटात मला सांगता आलं असतं. सगळा नेवासा बघत होता. बहीण सोडून. एक वाक्य पुरलं असतं, की यांच्याबद्दल जे पसरलंय ते मी पसरवलंय आणि मला काहीही माहीत नव्हतं. कापायला कुणी नव्हतं. मी घसा साफ केला आणि माझ्या कार्यक्रमाचा वार आणि वेळ सांगितली. पुन्हा एकदा सांगितली. मग नमस्कार केला.

सर मला फाट्यापर्यंत सोडायला आले. सायकल हातात धरून चालत होते. म्हणाले, “राहात्याचे काका शेवटपर्यंत आले नाहीत. मी दोनदा पत्र घातलं. माझ्याकडून काही चुकलं असेल तर कळायला हवं होतं. तुमच्याशी काही बोलले का?”

“नाही,” मी म्हणालो.

“मग असेल काही,” ते म्हणाले. गाडी आली. त्यांनी खिडकीतून माझी पिशवी आत दिली.

त्यानंतर दीड-दोन वर्षं त्यांच्या जागेवर माझा कार्यक्रम चालला. मधूनमधून त्यांचा दुकानावर फोन यायचा. त्या नर्सबाईंना आणखी बोलू द्यायला हवं होतं, असं काहीतरी सांगायचे आणि ते बरोबर असायचं. मी फोनवर हो-हो करायचो आणि मनात म्हणायचो, हा माणूस अजून माझ्याशी एवढा चांगला का वागतोय? काय हवंय याला? पुढे पुढे फोन वाजला की दुकानातल्या माणसाला खूण करायचो, नाहीत म्हणून सांग. मग फोन यायचे बंद झाले.

ती पहिली कॅसेट कधीच पुसली गेली होती. तेव्हा कॅसेटवर कॅसेट भरायची रीत होती. त्यामुळे सरांनी माझं मिनिट दाखवलं की कापलं, हे आता कुणी सांगू शकत नाही. दाखवलंच असणार, असं मला वाटतं. पण इतकं सगळं कळून, इतकं लिहूनही, मनात एक कोपरा असा आहे जो म्हणतो की कोण जाणे, कापलंही असेल. त्या कोपऱ्याला मी अजून गप्प करू शकलेलो नाही.